गोळ्या बंद करून किती दिवस झाले? मराठी संपादकांना खुलं पत्र

मराठी वर्तमानपत्रं, वृत्तवाहिन्या आणि बातम्यांची पोर्टलं यांचे संपादक आणि आरोग्याच्या बातम्या करणारे वार्ताहर यांना,

स. न. वि. वि.

मी एका जिल्हा रुग्णालयातल्या एआरटी सेंटरमध्ये, म्हणजे एचआयव्हीची औषधं देणाऱ्या केंद्रात, समुपदेशक आहे. सोळा वर्षं झाली. माझ्या टेबलाच्या खालच्या ड्रॉवरमध्ये एक कात्रण ठेवलेलं आहे. हे पत्र त्या कात्रणाबद्दल आहे.

2024 च्या पावसाळ्यात आमचे एक पेशंट तीन महिन्यांच्या खंडानंतर आले. नऊ वर्षं औषधावर, एकही तारीख न चुकवणारे. नव्या पेशंटना आम्ही त्यांचं उदाहरण द्यायचो. औषध का घेतलं नाही म्हणून विचारलं, तर त्यांनी शर्टाच्या खिशातून चार घड्या घातलेलं कात्रण काढून टेबलावर उलगडलं. 'एचआयव्हीचा मुळासकट नायनाट! शास्त्रज्ञांना यश.' सोबत त्यांचे व्हायरल लोडचे, म्हणजे रक्तातला विषाणू मोजण्याच्या तपासणीचे, शेवटचे दोन रिपोर्ट होते. दोन्हींवर एकच शेरा, टार्गेट नॉट डिटेक्टेड. "मॅडम, माझ्यात तो सापडतच नाही. आणि आता पेपरातही आलंय की तो मुळापासून जातो. मग गोळी कशाला गिळायची?"

शेतकरी माणूस, दहावी शिकलेला. दोन कागद शेजारी ठेवून त्यांनी निष्कर्ष काढला होता, आणि त्या दोन कागदांपुरता तो बरोबरच होता.

पुन्हा व्हायरल लोड केला, तो लाखाच्या घरात निघाला. सीडीफोर, म्हणजे एचआयव्ही ज्यांच्यात शिरतो त्या पांढऱ्या पेशींचा आकडा, बराच खाली आलेला. त्यांची बायको निगेटिव्ह आहे. नऊ वर्षं ती सुरक्षित होती ती याच गोळीमुळे, आणि हे तीन महिने ते संरक्षण नव्हतं. तिची तपासणी केली, तीन महिन्यांनी पुन्हा केली, दोन्ही वेळा निगेटिव्ह. त्या तीन महिन्यांत या घरात काय चाललं होतं ते मी इथे लिहिणार नाही. आज दोघंही ठीक आहेत.

ती बातमी खोटी नव्हती, हे मला मान्य आहे. मार्च 2024 मध्ये ॲमस्टरडॅमच्या एका संशोधक गटाने जाहीर केलं होतं की क्रिस्पर नावाच्या जनुकीय कात्रीने त्यांनी पेशींमधून एचआयव्हीचा डीएनए कापून काढला. प्रयोगशाळेत, डिशमध्ये वाढवलेल्या पेशींमधून. हे फक्त तत्त्व सिद्ध झालंय, उपचार अजून दूर आहे, असं ते शास्त्रज्ञ स्वतः सांगत होते. इंग्रजी बातम्यांत ते वाक्य आलं. कात्रणात ते नाही. जागेअभावी गेलं असेल.

दोनच महिन्यांनी, मे महिन्यात, याच कात्रीचा माणसांवरचा एक निकाल अमेरिकेत जाहीर झाला. ईबीटी-101 नावाचं ते औषध टोचून घेतल्यावर तिघांनी आपल्या गोळ्या थांबवल्या. तिघांच्याही रक्तात विषाणू परतला. एकाचा जरा उशिरा, 16 आठवड्यांनी. ही बातमी मराठीत माझ्या तरी नजरेला पडली नाही. पहिली आली आणि दुसरी आली नाही, माझं भांडण एवढंच आहे.

आता मुद्द्यावर येते. 'सापडत नाही' आणि 'गेला' यांच्यात काय अंतर आहे ते मी रोज पेशंटना समजावते. तुम्हालाही तसंच सांगते.

एचआयव्हीची सगळी कुंडली म्हणजे आरएनएची (डीएनएचंच भावंड म्हणा) जेमतेम 9,700 अक्षरं. नऊ जनुकं. माणसाची कुंडली सुमारे 3 अब्ज अक्षरांची. हा एवढासा जीव आपल्या सीडीफोर पेशीत शिरला की पहिलं काम करतो ते आरएनएची डीएनए प्रत काढण्याचं. एरवी पेशीत डीएनएवरून आरएनए बनतो; ही उलटी गंगा जीवशास्त्रात फार काळ कुणी पाहिली नव्हती. 1970 मध्ये हॉवर्ड टेमिन आणि डेव्हिड बाल्टिमोर यांनी वेगवेगळ्या ठिकाणी, दुसऱ्याच विषाणूंमध्ये, हे काम करणारं एन्झाइम, म्हणजे रासायनिक काम उरकणारं प्रथिन, दाखवलं आणि 1975 मध्ये त्यांना नोबेल मिळालं. एचआयव्ही पॅरिसच्या पाश्चर संस्थेत सापडला तो नंतर, 1983 मध्ये.

खरी गोम पुढच्या पायरीत आहे. इंटिग्रेज नावाचं विषाणूचं दुसरं एन्झाइम त्या नव्या डीएनएच्या दोन्ही टोकांची दोन-दोन अक्षरं छाटतं, आपल्या गुणसूत्राला एक छेद देतं आणि तिथे तो तुकडा जोडून टाकतं. मधल्या फटी बुजवायचं काम आपलीच पेशी इमानेइतबारे करते, त्यात आपली पाच अक्षरं दोन्ही बाजूंना दोनदा उमटतात, आणि संपलं. आता तो विषाणू पाहुणा राहिला नाही. तो त्या पेशीच्या डीएनएचा भाग झाला.

आमच्याकडे बहुतेक पेशंट शेतीवाले, म्हणून मी त्यांना सातबारा सांगते. कुणी तुमच्या रानात घुसला तर हुसकून लावता येतं. पण तलाठ्याकडे फेरफार होऊन त्याचं नाव सातबाऱ्यावर चढलं तर? तो रानात दिसो न दिसो, उतारा काढला की नाव आहेच. आणि पुढे वाटणी झाली, वारस लागले, की प्रत्येक नव्या उताऱ्यावर तेच नाव उतरतं. पेशीचंही असंच होतं. ती दुभंगते तेव्हा स्वतःच्या डीएनएची नक्कल करते, आणि त्या नकलेत विषाणूही फुकट नकलला जातो. 2014 मध्ये दोन संशोधक गटांनी हे पेशंटांच्या पेशींमध्येच दाखवलं: वेगवेगळ्या पेशींमध्ये विषाणू अगदी त्याच अक्षरापाशी बसलेला. म्हणजे त्या सगळ्या एकाच पूर्वज पेशीच्या लेकी. अशा वाढीला नवा विषाणू लागतच नाही, त्यामुळे गोळीही तिला अडवू शकत नाही.

एवढं झालं तरी आपल्या बाजूने एक गोष्ट असते. विषाणू बसलेल्या बहुतेक पेशी जोरात नवे विषाणू बनवतात आणि दोन-एक दिवसांत मरतात. अडचण होते ती थोड्या पेशींची. लढाई संपवून विश्रांतीला निघालेल्या पेशीत ऐन त्या वेळी विषाणू शिरला, तर ती मरत नाही, स्मृतिपेशी होऊन झोपी जाते. या स्मृतिपेशी वर्षानुवर्षं जगतात, म्हणूनच लहानपणी घेतलेल्या लशी मोठेपणी कामाला येतात. निसर्गाने आपल्या भल्यासाठी केलेली ही सोय विषाणूच्या पथ्यावर पडते. झोपलेल्या पेशीत जनुकं चालू करणारे प्रथिनांचे हुकूम केंद्रकात पोचत नाहीत, असा हुकूम देणारं एनएफ-कॅपा-बी हे प्रथिन बाहेरच थांबतं. विषाणूला स्वतःला जागं व्हायला टॅट नावाचं त्याचं प्रथिन लागतं, आणि ते बनायला आधी थोडं तरी जागं असावं लागतं. म्हणून तो मूग गिळून बसतो. ना प्रथिन, ना कण, ना काही खूण. रोगप्रतिकारशक्तीला ती पेशी चारचौघींसारखीच दिसते.

आणि गोळीला तर तिथे करायला कामच नसतं. आपल्या सरकारी टीएलडी गोळीतलं टेनोफोव्हिर आणि लॅमिव्ह्युडिन ती उलटी नक्कल रोखतात, डोलुटेग्राव्हिर थेट इंटिग्रेजचा हात धरतं. म्हणजे नवा फेरफार होऊ देत नाही. जुना फेरफार रद्द करायचं कलम या गोळीत नाही. 2020 पासून आपल्याकडे ही गोळी सर्रास दिली जाते, दिवसाला एक, आणि ती उत्तम आहे. पण ती काय करते आणि काय करत नाही, हे एका वाक्यात सांगणारी बातमी मला अजून वाचायची आहे.

(वाचकांपैकी कुणी म्हणेल, कांजिण्यांचा विषाणूही लपून राहतोच की, म्हातारपणी नागीण होते ती त्यानेच. खरं आहे. पण तो मज्जापेशींमध्ये वेगळा पडून राहतो, आपल्या डीएनएत स्वतःला शिवून घेत नाही. आणि गंमत म्हणजे आपल्या डीएनएचा जवळजवळ आठ टक्के भाग अशाच शिवून घेतलेल्या प्राचीन विषाणूंचे अवशेष आहेत. त्यांतल्या एकाच्या जनुकावर आईच्या पोटातली वार तयार होताना आपण आजही अवलंबून आहोत. पेशंटना हे सांगत नाही, ते उगाच घाबरतात. तुम्हाला सांगायला हरकत नाही.)

उताविळीचा दोष फक्त वार्ताहरांचा नाही, हेही सांगते. 1996 च्या सुमाराला तीन औषधांचा एकत्र उपचार आला आणि मरणाच्या दारातली माणसं उठून बसली, तेव्हा मोठमोठ्या शास्त्रज्ञांनीही गणित मांडलं होतं की दोन-तीन वर्षं न चुकता औषध घेतलं तर विषाणू संपूर्ण धुऊन निघेल. 1997 मध्ये अमेरिकेतल्या तीन प्रयोगशाळांनी ते गणित मोडलं. रक्तात काही सापडत नसलेल्या पेशंटांच्या झोपलेल्या सीडीफोर पेशी त्यांनी वेगळ्या काढल्या, प्रयोगशाळेत जाग्या केल्या, आणि जिवंत विषाणू बाहेर आला. दहा लाख पेशींमागे साधारण एका पेशीतून. पुढे कळलं की हा साठा निम्मा व्हायलाच 44 महिने लागतात. आता हिशेब करा. समजा अशा फक्त दहा लाख पेशी शरीरात आहेत. निम्म्या, त्याच्या निम्म्या, असं करत एकावर यायला वीस वेळा निम्मं करावं लागतं. 44 गुणिले 20, 880 महिने, म्हणजे 73 वर्षं. विशीत गोळी सुरू केलेल्या मुलाला मी हे गणित कागदावर करून दाखवते. एकजण म्हणाला होता, "म्हणजे नव्वदीत बंद करायची ना, चालेल." असा पेशंट मिळाला की दिवस बरा जातो.

नंतर असंही दिसलं की शिवून बसलेल्या विषाणूंपैकी शंभरात नव्वदांहून अधिक मोडके असतात, मधली पानं गळालेली, अक्षरं बिघडलेली. त्यांच्यातून काही उगवत नाही. पण उरलेल्या थोड्यांपैकी एक पेशी जागी झाली तरी पुरते. गोळी थांबवल्यावर बहुतेकांच्या रक्तात विषाणू दोन ते चार आठवड्यांत परततो.

बहुतेकांच्या, असं लिहिलं. 'एचआयव्ही बरा झाला' या बातम्या ज्या मोजक्या अपवादांवर उभ्या असतात त्यांच्याबद्दल आता बोलू. अमेरिकेत मिसिसिपीत 2010 मध्ये जन्मलेल्या एका बाळाला जन्मानंतर 30 तासांत औषध सुरू झालं, दीड वर्षाच्या आसपास ते थांबलं, तरी विषाणू दिसेना. मार्च 2013 मध्ये जगभर मथळे झळकले, बाळ बरं झालं. जुलै 2014 मध्ये, औषधाविना 27 महिने काढल्यावर, विषाणू परत आला. बॉस्टनच्या दोघांना कर्करोगासाठी दुसऱ्याच्या रक्त तयार करणाऱ्या मूळपेशी (बोन मॅरो) दिल्या, 2013 च्या जुलैत त्यांच्याही बातम्या झाल्या, आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात कळलं की एकाचा विषाणू गोळी बंद केल्यापासून 12 आठवड्यांनी आणि दुसऱ्याचा 32 आठवड्यांनी उगवला. सत्तावीस महिने काहीच न दिसणं आणि मग दिसणं, हे ज्याला कळलं त्याला सुप्त विषाणू कळला.

खरोखर बरे झालेलेही आहेत. बर्लिनमध्ये उपचार घेतलेले टिमथी रे ब्राउन हे पहिले. रक्ताच्या कर्करोगासाठी 2007 मध्ये त्यांना मूळपेशी दिल्या, त्या अशा दात्याच्या की ज्याच्या पेशींवर एचआयव्हीला आत शिरायला लागणारं सीसीआर-5 हे दारच नव्हतं. 2020 मध्ये ते वारले, तेही परत उलटलेल्या कर्करोगाने. एचआयव्ही तोवर परतला नव्हता. मग लंडन, ड्युसेलडॉर्फ, न्यूयॉर्क, जिनिव्हा. सगळे मिळून हाताच्या बोटांवर मोजावेत इतके, आणि या सगळ्यांना आधी रक्ताचा जीवघेणा आजार होता. त्या उपचारात माणूस दगावण्याचा धोका एवढा की रोज एक गोळी घेऊन ठणठणीत असलेल्या माणसाला कुणी शहाणा डॉक्टर तो देणार नाही. बातमीत 'बोन मॅरो' हे दोन शब्द येतात, 'कर्करोग' पुष्कळदा येत नाही. मग माझ्याकडे माणसं विचारत येतात, मॅडम, मुंबईत किती लाखात होतं हे?

या सगळ्यात मला सर्वांत विलक्षण वाटतात ते औषधाविना विषाणू दाबून ठेवणारे दुर्मिळ लोक. त्यांच्या पेशी 2020 मध्ये बारकाईने तपासल्या तेव्हा आढळलं की त्यांचे अखंड विषाणू पुष्कळदा गुणसूत्रांच्या ओसाड भागांत बसलेत, जिथे जनुकं जवळपास चालतच नाहीत. एरवी एचआयव्ही निवडतो ती चालू जनुकांची, वाहती जमीन. या लोकांमध्ये बहुधा रोगप्रतिकारशक्तीने बागायतातले सगळे वेचून मारले आणि पोटखराब्यातले तेवढे उरले. जाग्या करून मारण्यापेक्षा या पेशींना कायमचं झोपवावं, या काही शास्त्रज्ञांच्या कल्पनेला त्यातून बळ मिळालं. जाग्या करून मारायचे प्रयत्न 2012 पासून माणसांवर झाले, विषाणू थोडा जागा झाला, पण साठा काही घटला नाही. काम चालू आहे. छापण्यासारखं आहे, आणि अपयशासकट छापण्यासारखं आहे.

आता उलट बाजूची चूकही सांगते, नाहीतर माझ्या पत्राचाच गैरवापर होईल. 'विषाणू शरीरात लपलेला असतो' या वाक्याचा मथळा 'बरे दिसणारे रुग्णही धोकादायक' असा करू नका. झोपलेल्या पेशीतला विषाणू दुसऱ्याला लागत नाही. व्हायरल लोड दाबलेला असताना एचआयव्ही लैंगिक संबंधातून जात नाही. 2016 आणि 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'पार्टनर' अभ्यासांत शेकडो जोडपी वर्षानुवर्षं कंडोमशिवाय राहिली आणि जोडीदाराकडून जोडीदाराला झालेली लागण होती शून्य. माझ्या पेशंटच्या बायकोची नऊ वर्षं ही याच शून्यातली. गोळीने विषाणू दाबलेला आहे तोवर पेशंटकडून जोडीदाराला धोका नाही, गोळी थांबली की विषाणू परत येतो, ही दोन्ही वाक्यं एकाच बातमीत मावतात.

'लस आली' हाही मथळा 2024 मध्ये वाचला. लेनाकापाव्हिरचं सहा महिन्यांतून एकदा घ्यायचं इंजेक्शन दक्षिण आफ्रिका आणि युगांडातल्या 2,134 तरुणींना दिलं आणि त्यांच्यात एकालाही लागण झाली नाही. आनंदाने नाचावं अशी ती बातमी आहे. पण ते औषध आहे, लस नव्हे. आणि त्या मुली निगेटिव्ह होत्या, आधीच पॉझिटिव्ह असलेल्याचा विषाणू त्याने पुसला जात नाही.

आणि जाहिराती. आतल्या पानावर 'एड्स, गुप्तरोग, खात्रीशीर इलाज, नाव गुप्त' अशी चौकट कधीमधी अजून दिसते. कोणत्या आजारांवर औषधाने बरं करण्याचा दावा करता येत नाही त्यांची यादी आपल्या औषध नियमांच्या 'अनुसूची जे' मध्ये आहे, आणि त्या यादीत पहिलं नाव एड्सचं आहे. त्या चौकटीचे पैसे किती येतात मला माहीत नाही. पण तिथून येणारे पेशंट मी मोजते.

देशात सुमारे 25 लाख लोक एचआयव्हीसह जगताहेत, आणि सगळ्या राज्यांत जास्त महाराष्ट्रात. त्यातले कितीतरी तुमचे वाचक आहेत. 1 एप्रिल 2004 पासून औषध मोफत आहे, 2017 पासून सीडीफोर कितीही असला तरी तपासणी पॉझिटिव्ह आली की लगेच सुरू होतं. हे लोक 'एचआयव्ही' शब्द असलेली ओळ इतरांपेक्षा वेगळ्या नजरेने वाचतात, कुणी पाहत नाही ना ते बघून कापून ठेवतात. म्हणून मागणं एवढंच. पुढच्या वेळी कुणी शास्त्रज्ञ किंवा बाबा किंवा वृत्तसंस्थेची तार तुम्हाला 'बरा झाला' सांगेल, तेव्हा मथळा लावण्याआधी विचारा: गोळ्या बंद करून किती दिवस झाले? आणि कुणाच्या? डिशमधल्या पेशींच्या, उंदराच्या की माणसाच्या? उत्तर जे असेल ते पहिल्या परिच्छेदात छापा. पुढे विषाणू परतलाच, तर तेही त्याच पानावर, तेवढ्याच टायपात. शंका आली तर 1097 या नॅकोच्या (राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेच्या) मोफत क्रमांकावर विचारता येतं, वाचकांनाही आणि वार्ताहरांनाही.

माझे ते पेशंट आता नियमित येतात. सातबाऱ्याचं सगळं ऐकून घेतल्यावर ते म्हणाले, "मॅडम, सातबारा राहू द्या, ही हरळी आहे. वरून रान कसं स्वच्छ दिसतं." परवा त्यांचा रिपोर्ट आला. टार्गेट नॉट डिटेक्टेड. त्यांनी बाटली पिशवीत टाकली आणि कात्रण परत मागितलं. मी दिलं नाही. तुमच्यापैकी कुणाला ते पाहायचं असेल तर कधीही या. पेशंटचं नाव सांगणार नाही. पेपरचं नावही मी कापून टाकलंय, कारण प्रत्येक संपादकाला ते दुसऱ्याच्या पेपरातलं वाटावं अशी माझी इच्छा नाही.

आपली,
एक समुपदेशक